उपग्रह म्हणतो हवा स्वच्छ, जमिनीवरचं यंत्र म्हणतं खराब: खरं कुणाचं?

प्रश्नाचे दोन भाग आहेत. पहिला साधा: हवामान, हवामानबदल आणि हवेचा दर्जा यांचा अभ्यास उपग्रहांच्या माहितीवरून करायचा आहे, तर सुरुवात कुठून करू? दुसरा जरा वैतागून विचारलेला: ज्या दिवशी उपग्रहाच्या नकाशावर माझा परिसर बऱ्यापैकी स्वच्छ दिसत होता, त्याच दिवशी पहाटे जमिनीवरच्या यंत्राने पीएम २.५ (अडीच मायक्रॉनहून बारीक कण) बेसुमार दाखवलं, मग विश्वास कोणावर ठेवायचा? मी दुसऱ्यापासून सुरू करतो. तो सुटला की पहिल्याचं निम्मं उत्तर हाती येतं.

दोघंही बरोबर असू शकतात, आणि बहुतेक वेळा असतातच. त्यांनी वेगळ्या वेळी वेगळी गोष्ट मोजलेली असते.

उपग्रह धूळ मोजत नाही. तापमान मोजत नाही, पाऊस मोजत नाही, ओझोनही मोजत नाही. ठरावीक तरंगलांबीचं किती प्रारण आपल्या संवेदकावर येऊन पडलं, एवढंच तो नोंदवतो. बाकी सगळं आपण त्यावरून उलटा हिशेब मांडून काढतो. या उलट्या हिशेबाला आमच्याकडे सगळे ‘रिट्रीव्हल’ म्हणतात. सावली पाहून माणसाचं वजन सांगण्यासारखा हा प्रकार आहे. वेगवेगळ्या वजनाच्या माणसांची सावली सारखी पडू शकते, तशी वातावरणाची कितीतरी रूपं उपग्रहापर्यंत अगदी सारखा प्रकाश पोचवू शकतात. त्यातलं एक निवडायचं तर आधी काही गृहीत धरावं लागतं: जमीन किती परावर्तक आहे, कण कोणत्या जातीचे आहेत, ते किती उंचीवर आहेत. ही गृहीतकं तयार नकाशाच्या पोटात असतात, नकाशावर दिसत नाहीत. त्यामुळे कोणताही नकाशा उघडला की मी आधी रंग बघत नाही. मूळ मोजमाप कशाचं होतं आणि मधे काय धरून चाललेत, ते बघतो.

आता तुमचा नकाशा. तो बहुधा ‘एरोसोल ऑप्टिकल डेप्थ’चा असणार, म्हणजे एओडीचा. हवेतल्या कणांनी सूर्यप्रकाश किती अडवला, याचं ते माप. एओडी ०.१ म्हणजे बऱ्यापैकी स्वच्छ आकाश. एओडी १ म्हणजे सूर्य डोक्यावर असताना कणांमुळेच सरळ येणाऱ्या प्रकाशातला सुमारे ६३ टक्के वाटेत गळतो. हे माप जमिनीपासून वातावरणाच्या माथ्यापर्यंतच्या अख्ख्या स्तंभाचं असतं. जमिनीवरचं यंत्र मात्र नळीच्या तोंडाशी असलेली हवा ओढतं आणि एका घनमीटरमधल्या कणांचं वजन मायक्रोग्रॅममध्ये सांगतं. स्तंभातलं प्रकाशीय माप आणि नाकासमोरचं वजन यांच्यामध्ये बरंच काही घडतं.

सगळ्यात मोठा वाटा मिश्रण थराच्या उंचीचा. उन्हाने जमीन तापली की हवा घुसळली जाते आणि खालचे कण वर पसरतात. दुपारी हा थर २,००० मीटरपर्यंत जाऊ शकतो. रात्री जमीन थंड पडली की तोच २०० ते ४०० मीटरवर येतो, कधी त्याहूनही खाली. समजा स्तंभात कणांचा साठा तेवढाच आहे आणि तो सगळा याच थरात आहे. दुपारी २,००० मीटरमध्ये पसरलेले कण ४०० मीटरमध्ये कोंबले तर जमिनीलगतचं प्रमाण पाचपट होतं. दुपारी ५० मायक्रोग्रॅम दाखवणारं यंत्र २५० दाखवू शकतं, आणि एओडी जागचा हलत नाही. प्रत्यक्षात हिशेब इतका सरळ नसतो, कारण दिवसा वर गेलेले कण रात्री सगळेच्या सगळे खाली येत नाहीत. बरेचसे वरच्या उरलेल्या थरात अडकून राहतात. पण खालच्या पातळ थरात रात्रभर नवा धूर साचत राहतो, त्यामुळे फरकाची दिशा हीच राहते.

दुसरी गोष्ट आर्द्रता. सल्फेट, नायट्रेटसारखे कण पाणी धरून फुगतात. सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की हे फुगणं झपाट्याने वाढतं. फुगलेला कण जास्त प्रकाश विखुरतो, म्हणून एओडी वाढतो. पण बहुतेक मानक यंत्रं नमुना वाळवून मग वजन घेतात, त्यांना हे पाणी दिसत नाही. स्वस्तातले लेझरवाले सेन्सर नमुना वाळवत नाहीत, ते दमट हवेत उगाच जास्त आकडा देतात. तुमचं यंत्र यातलं कोणतं, हे आधी तपासा. तिसरी गोष्ट म्हणजे वरून जाणारे थर. लांबच्या वाळवंटातली धूळ किंवा वणव्याचा धूर तीन-चार किलोमीटर उंचीवरून वाहत असतो. अशा दिवशी एओडी भरपूर आणि जमिनीवर हवा चांगली, असं तुमच्या तक्रारीच्या नेमकं उलटं चित्र दिसतं.

आणि वेळ. मोडिस हा संवेदक ज्या दोन उपग्रहांवर आहे त्यातला टेरा स्थानिक वेळेनुसार सकाळी साडेदहाच्या सुमारास आणि ॲक्वा दुपारी दीडच्या सुमारास डोक्यावरून जाईल अशी त्यांची मूळ आखणी होती. एओडी काढायला सूर्यप्रकाश लागतो, त्यामुळे पहाटेचं काहीच मिळत नाही. ढग असले की मिळत नाही. धुकं असलं की मिळत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे दाट, ठिगळाठिगळांचा धूर ढग ओळखणाऱ्या चाळणीला ढगासारखाच वाटतो आणि तो गाळला जातो. म्हणजे ज्या दिवशी हवा सर्वाधिक खराब, नेमका तोच दिवस नोंदीतून गायब. म्हणून ‘मासिक सरासरी एओडी’ या शब्दांचा खरा अर्थ ‘त्या महिन्यातल्या निरभ्र दिवसांची, उपग्रहाच्या वेळेची सरासरी’ एवढाच घ्यायचा. महिन्यातले किती दिवस मोजले गेले हा आकडा सोबत नसेल तर मी ती सरासरी वापरत नाही.

तुमच्या त्या दिवसाची शहानिशा करायची असेल तर आदल्या दुपारचा एओडी, पहाटेची आर्द्रता आणि ताशी मिश्रण थराची उंची एकत्र मांडा. थराची उंची ईआरए५ या पुनर्विश्लेषणात, म्हणजे जुनी निरीक्षणं आणि मॉडेल एकत्र करून बनवलेल्या नोंदीत, मिळते. पहाटेच्या उथळ थरासाठी ती फार भरवशाची नाही, पण अंदाजाला पुरते. जवळपास कुठे सिलोमीटर असेल, म्हणजे आकाशाकडे लेझर सोडून परावर्तन ऐकणारं उपकरण, तर उत्तमच. एवढ्या हिशेबातून पहाटेचा आकडा साधारण जुळला तर प्रश्न मिटला. मुळीच जुळत नसेल तर यंत्राच्या आसपास जळणारा कचरा, जनरेटर, वाहनांची रांग असलं काही आहे का ते शोधा. एक किलोमीटरच्या चौकोनाची सरासरी देणाऱ्या उत्पादनात ते दिसणारच नाही.

हवेच्या दर्जासाठी कणांपेक्षा वायू जास्त सोपे, असा एक समज आहे. तो निम्मा खरा आहे. नायट्रोजन डायऑक्साइड निळ्या प्रकाशात, साधारण ४०० ते ४६५ नॅनोमीटरच्या पट्ट्यात, स्वतःची ओळख पटवणाऱ्या शोषणाच्या बारीक रेघा उमटवतो, त्यामुळे तो ओळखण्यात घोळ होत नाही. १९९५ साली गेलेल्या गोम या उपकरणाचा एक चौकोन ३२० गुणिले ४० किलोमीटरचा होता. अख्खी शहरं त्यात विरघळून जायची. २००४ च्या ओमीने तो १३ गुणिले २४ वर आणला. ऑक्टोबर २०१७ मध्ये सोडलेल्या सेंटिनेल-५पी उपग्रहावरच्या ट्रोपोमीने ७ गुणिले साडेतीन, आणि ऑगस्ट २०१९ पासून साडेपाच गुणिले साडेतीन किलोमीटरवर आणला. आता एखादं मोठं औष्णिक वीजकेंद्र वाऱ्याच्या दिशेने लांबलेल्या शेपटासकट वेगळं दिसतं.

पण इथेही तो आकडा नाकासमोरचा नसतो. तिरप्या वाटेने आलेल्या प्रकाशातून आधी तिरपा स्तंभ मिळतो. त्यातून स्थितांबरातला वाटा वजा करतात, कारण तिथेही हा वायू असतो. मग उरलेल्याला एका गुणकाने भागून उभा स्तंभ काढतात. हा गुणक वायू कोणत्या उंचीवर किती आहे, जमीन किती उजळ आहे, ढग किती आहेत यावर ठरतो. आणि उंचीनुसार वाटणी घेतात ती एका जागतिक मॉडेलमधून, ज्याची जाळी उपग्रहाच्या चौकोनापेक्षा बरीच जाड असते. त्यामुळे शहराच्या ऐन मध्यावर ट्रोपोमी जमिनीवरून मोजलेल्या स्तंभापेक्षा कमी दाखवतो, हे अनेक ठिकाणच्या पडताळणीत दिसलेलं आहे. त्याच्या डेटासोबत ‘ॲव्हरेजिंग कर्नल’ नावाची रांग येते. कोणत्या उंचीवरच्या रेणूंना उपग्रह किती संवेदनशील होता, हे ती सांगते. मॉडेलशी तुलना करायची असेल तर ही रांग मॉडेलच्या आकड्यांना लावल्याशिवाय करू नका. चौकोनी जाळीवर बसवलेली तयार चित्रं बघायला सोयीची असतात, पण हा सगळा सरंजाम त्यांत बहुधा उरलेला नसतो.

इथे एक चूक मला वारंवार दिसते, अगदी छापलेल्या कामातही. स्वच्छ भागात नायट्रोजन डायऑक्साइड किंवा सल्फर डायऑक्साइडचे काही आकडे उणे येतात. वायू उणे कसा असेल, असं म्हणून लोक ते काढून टाकतात किंवा शून्य करतात. हे उणे आकडे गोंगाटातून, म्हणजे मोजमापातल्या आपोआप होणाऱ्या चढउतारातून, येतात. खरं मूल्य शून्याच्या जवळ असेल तर निम्मे आकडे वर, निम्मे खाली पडणारच. खालचे कापले की उरलेल्यांची सरासरी वर सरकते आणि जिथे काहीच नाही तिथे प्रदूषण दिसू लागतं. सल्फर डायऑक्साइडमध्ये तर या एका कृतीने निर्जन समुद्रावरही ‘प्रदूषण’ उमटतं. उणे आकडे ठेवा, गुणवत्तेच्या खुणेनुसार गाळा (ट्रोपोमीच्या नायट्रोजन डायऑक्साइडला ०.७५ च्या वरच घ्या, असा पुरवठादारांचाच सल्ला आहे), आणि मग सरासरी काढा.

२०२० च्या टाळेबंदीत या वायूचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे नकाशे जगभर फिरले. घट खरी होती. पण उत्तर गोलार्धात हिवाळ्याच्या अखेरीची तुलना वसंताशी केली तर टाळेबंदी नसतानाही घट दिसते. ऊन वाढलं की या वायूचं आयुष्य कमी होतं, आणि वारे बदलतात ते वेगळंच. आधीच्या वर्षीचे तेच आठवडे आणि वाऱ्याचा हिशेब न मांडता जे टक्के छापले गेले, ते मला तेव्हाही पटले नव्हते.

दिवसातून एकदाच मोजण्याची मर्यादा आता सुटते आहे. दक्षिण कोरियाचं जेम्स फेब्रुवारी २०२० मध्ये, उत्तर अमेरिकेवरचं टेम्पो एप्रिल २०२३ मध्ये आणि युरोपसाठीचं सेंटिनेल-४ जुलै २०२५ मध्ये भूस्थिर कक्षेकडे, म्हणजे एकाच भागावर कायम राहता येईल अशा कक्षेकडे, गेलं. या उपकरणांनी दिवसा दर तासाला वायूंचा नकाशा मिळतो. सकाळच्या गर्दीचा डोंगर आणि दुपारची दरी पहिल्यांदाच वरून दिसू लागली. रात्र मात्र अजून अंधारातच आहे.

हवामानाकडे वळू. पहिला यशस्वी हवामान उपग्रह टायरॉस-१ हा १ एप्रिल १९६० रोजी गेला आणि त्याने ढगांची छायाचित्रं पाठवली. आजही लोकांच्या मनात हवामान उपग्रह म्हणजे ढगांचा फोटो. त्या फोटोंचा उपयोग आहेच. सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवरचे भूस्थिर उपग्रह एकाच भागाकडे टक लावून असतात. जपानच्या हिमावारी-८ आणि ९ मधला कार्यरत उपग्रह दर दहा मिनिटांनी तरंगलांबीच्या १६ पट्ट्यांत पृथ्वीची पूर्ण तबकडी टिपतो, आणि इन्सॅट-३डी मालिकेच्या इमेजरवर सहा पट्टे आहेत. वादळाचं वाढणं बघायला याला तोड नाही.

पण कोणता पट्टा काय दाखवतो, हे कळलं नाही तर चित्र फसवतं. ११ मायक्रॉनच्या अवरक्त पट्ट्यात रात्री जमिनीलगतचं धुकं जवळजवळ अदृश्य असतं, कारण त्याचं तापमान जमिनीच्या तापमानाएवढंच असतं. युक्ती अशी की ३.९ मायक्रॉनचा पट्टाही घ्यायचा. बारीक थेंबांचा ढग ३.९ ला ११ पेक्षा कमी कार्यक्षमतेने प्रारण सोडतो, म्हणून रात्री तिथे दोन-चार अंश थंड भासतो. जमिनीच्या बाबतीत सहसा एवढा फरक पडत नाही. दोन चित्रांची वजाबाकी केली की दऱ्याखोऱ्यांतून पसरलेलं धुकं आकारासकट वर येतं. सूर्य उगवला की ३.९ मध्ये परावर्तित ऊन मिसळतं आणि ही वजाबाकी निकामी होते, म्हणून नेमक्या पहाटेच्या तासाला धुकं ‘नाहीसं’ झालेलं दिसतं. ११ आणि १२ मायक्रॉनची वजाबाकी याच धर्तीवर धूळ आणि ज्वालामुखीची राख ढगांपासून वेगळी काढते.

पावसाच्या बाबतीत मी जास्त सावध असतो. अवरक्त चित्रावरून पाऊस काढताना गृहीतक एवढंच असतं की ढगाचा माथा जितका थंड तितका पाऊस जास्त. उंच, पसरट सिरस ढगांचा माथा भयंकर थंड असतो आणि त्यातून थेंबही पडत नाही. उलट, डोंगराला धडकून वर चढणाऱ्या दमट हवेतले ढग फार उंच नसतात, माथा उबदार असतो, आणि पाऊस धो धो. तिथे हा हिशेब सपाटून मार खातो. सूक्ष्मलहरी ढगाच्या आत बघतात, पण त्यांचंही समुद्रावर आणि जमिनीवर वेगळं वागणं असतं: समुद्राची पार्श्वभूमी त्यांना थंड दिसते आणि पावसाचे थेंब त्यावर उठून दिसतात, जमीन आधीच उबदार दिसते, म्हणून तिथे वरच्या बर्फकणांनी केलेल्या विखुरण्यावरच विसंबावं लागतं. बर्फ नसलेला पाऊस निसटतो. नोव्हेंबर १९९७ मध्ये टीआरएमएम हा पाऊस मोजणारा उपग्रह अवकाशातला पहिला पर्जन्य रडार घेऊन गेला आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याच्या पुढच्या जीपीएम मोहिमेचा मुख्य उपग्रह दोन वारंवारितांचा रडार घेऊन. त्यांच्या आधाराने बाकीच्या उपग्रहांचे आकडे जुळवून आयमर्ग हे उत्पादन बनतं: ०.१ अंशाची जाळी, दर अर्ध्या तासाला. त्याची काही तासांत मिळणारी आवृत्ती वेगळी आणि काही महिन्यांनी येणारी अंतिम आवृत्ती वेगळी, कारण अंतिम आवृत्ती पर्जन्यमापकांच्या मासिक आकड्यांशी जुळवून घेतलेली असते. तेच मापक घेऊन पुन्हा ‘पडताळणी’ केली तर आकडे जुळणारच, त्याचं कौतुक करू नये.

जमिनीवरचा डॉप्लर रडारही सुदूर संवेदनच, म्हणजे लांबून मोजणं, आणि तोही पाऊस थेट मोजत नाही. परत येणारा प्रतिध्वनी थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात असतो. दोन मिलिमीटरचा एक थेंब एक मिलिमीटरच्या ६४ थेंबांएवढा प्रतिध्वनी देतो, पण त्यात पाणी मात्र आठ थेंबांएवढंच. कित्येक दशकं वापरात असलेलं मार्शल-पामर सूत्र, प्रतिध्वनी बरोबर २०० गुणिले पावसाच्या तीव्रतेचा १.६ वा घात, हे थेंबांच्या सरासरी वाटणीवर बेतलेलं आहे. वादळी आणि संथ पावसात ती वाटणी वेगळी असते. शिवाय अर्धा अंश कलाने सोडलेला झोत २०० किलोमीटरवर पोचेपर्यंत चार किलोमीटर उंचीवर गेलेला असतो. तिथे काय दिसलं यावरून खाली काय पडलं, ते सांगायचं असतं.

मजा अशी की हवामानाचे अंदाज सुधारण्यात उपग्रहांचा सर्वात मोठा हातभार या चित्रांचा नाही. प्राणवायू हवेत सगळीकडे सारख्या प्रमाणात असतो आणि ५० ते ६० गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सूक्ष्मलहरी शोषतो. शोषणाच्या मध्याजवळची वारंवारिता वरच्या थरांतून येते, कडेची खालच्या थरांतून. पाच-दहा वारंवारिता एकत्र घेतल्या की तापमानाचा उभा छेद हाती येतो, तोही बहुतेक ढगांतून आरपार. आजची मोठी अंदाज केंद्रं हा छेदही काढत बसत नाहीत. मूळ प्रारणाचे आकडेच मॉडेलमध्ये घालतात आणि मॉडेलला तसं प्रारण देणारं वातावरण शोधायला लावतात. जीपीएसचे संकेत क्षितिजाशी वातावरणातून जाताना किती वाकले, यावरूनही छेद मिळतो. तिथे मूळ मोजमाप वेळेचं असल्यामुळे उपकरण जुनं झालं तरी आकडा सरकत नाही. वाऱ्याची कमतरता मात्र अजून आहे. आयोलस हा लेझरने वारा मोजणारा पहिला उपग्रह २०१८ ते २०२३ असा पाचच वर्षं चालला, आणि तेवढ्यातही त्याचा अंदाजांवर चांगला परिणाम दिसला.

हवामानबदलाच्या अभ्यासात खेळच बदलतो. इथे एखादा आकडा अचूक असण्यापेक्षा चाळीस वर्षं मोजपट्टी न सरकणं जास्त महत्त्वाचं. दर दशकाला अंशाचे एक-दोन दशांश शोधायचे असतात आणि दरम्यान डझनभर उपग्रह बदललेले असतात. याचा धडा वातावरणाच्या खालच्या थराच्या तापमानाच्या नोंदीतून मिळाला. १९७८ च्या अखेरीपासूनच्या सूक्ष्मलहरी मोजमापांवरून स्पेन्सर आणि ख्रिस्ती या संशोधकांनी जी मालिका बनवली, तीत सुरुवातीच्या काळात तापमानवाढ जवळजवळ दिसतच नव्हती, आणि ती वर्षानुवर्षं तापमानवाढीच्या वादात पुरावा म्हणून वापरली गेली. १९९८ मध्ये वेन्ट्झ आणि शाबेल यांनी दाखवलं की उपग्रह हळूहळू खाली येत असल्याने बघण्याचा कोन बदलतो आणि खोटी थंडी नोंदली जाते. २००५ मध्ये मिअर्स आणि वेन्ट्झ यांनी दुसरी गोष्ट पकडली: उपग्रह डोक्यावरून जाण्याची वेळ सरकत होती आणि तिच्यासाठी केलेली दुरुस्तीच उलट्या चिन्हाची होती. दुरुस्त्या झाल्यावर त्या मालिकेतही तापमानवाढ स्पष्ट आली. हे जुनं प्रकरण म्हणून सोडून देऊ नका. २०२० पासून टेराची, आणि पुढे ॲक्वाचीही, जाण्याची वेळ सरकते आहे. सकाळी साडेदहाचं मोजमाप नऊच्या दिशेने गेलं तर जमीन थंड होत चालल्यासारखी दिसेल, एवढं ध्यानात ठेवून मगच त्यांच्यावर कल काढा.

वातावरणही मोजपट्टी बिघडवतं. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा स्थितांबरात चढलेल्या कणांमुळे अवरक्त मोजमापांना समुद्र होता त्याहून थंड दिसला. समुद्रातल्या बोयांचे आकडे हाताशी होते म्हणून ते कळलं. ओझोनच्या छिद्राची कथाही अशीच, फक्त ती बहुतेक वेळा चुकीची सांगितली जाते. १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी अंटार्क्टिकावरच्या हॅली केंद्रातल्या डॉब्सन उपकरणाच्या नोंदींवरून घट जाहीर केली. उपग्रहाने तो डेटा ‘फेकून दिला होता’ असं म्हणतात. प्रत्यक्षात १८० डॉब्सन एककांच्या (हे ओझोनच्या स्तंभाचं माप) खालच्या आकड्यांवर ‘संशयास्पद’ अशी खूण होत होती, आकडे शाबूत होते. ते पुन्हा तपासल्यावर अख्ख्या खंडावर पसरलेलं छिद्र दिसलं. जमिनीवरच्या एका ठिकाणाने वेळ सांगितली, उपग्रहाने विस्तार.

जमिनीच्या तापमानाबद्दल थोडक्यात, कारण उन्हाळा आला की दरवर्षी हा घोळ होतो. ‘उपग्रहाने ६० अंश नोंदवले’ अशी बातमी येते तेव्हा ते मातीच्या पापुद्र्याचं तापमान असतं. हवामान केंद्रातला तापमापक सावलीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर असतो. कोरड्या, उघड्या जमिनीवर भर दुपारी दोन्हींत १५ ते २० अंशांचा फरक सहज पडतो. शहरांच्या उष्णतेवर काम करणाऱ्यांनी हा फरक पहिल्याच परिच्छेदात लिहावा.

आता सुरुवात कुठून. आधी प्रश्न एका वाक्यात लिहा आणि त्यात जागा, काळ आणि तास घाला. ‘शहरातलं प्रदूषण’ हा प्रश्न नाही. ‘हिवाळ्यात सकाळी ६ ते ९ या वेळेत पीएम २.५ का चढतं’ हा प्रश्न आहे, आणि तो लिहिताक्षणी कळतं की टेरा, ॲक्वासारखा ध्रुवांवरून फिरणारा उपग्रह इथे मुख्य साधन नाही, फार तर पार्श्वभूमी देईल. मग तयार नकाशांऐवजी दुसऱ्या पातळीचा डेटा घ्या, ज्यात प्रत्येक चौकोनासोबत वेळ, बघण्याचा कोन आणि गुणवत्तेची खूण असते. पायथन ही संगणकभाषा आणि तिच्यातलं एक्सअरे हे जाळीवरचा डेटा हाताळणारं साधन, एवढं येत असलं तरी पुरे. गुगल अर्थ इंजिन हा उपग्रहांचा डेटा ऑनलाइन हाताळणारा मंच वेगवान आहे, पण पहिल्याच दिवशी त्यावर गेलात तर सगळी गाळणी तुमच्या नकळत होऊन गेलेली असते.

पहिला सराव म्हणून एरोनेट या जगभर पसरलेल्या जाळ्यातलं जवळचं केंद्र निवडा. तिथली उपकरणं थेट सूर्याकडे बघून एओडी मोजतात, त्यात गृहीतकं फार थोडी लागतात आणि चूक साधारण ०.०१ ते ०.०२ इतकीच असते. एक वर्षाचा मोडिसचा एओडी घ्या, केंद्राभोवती २५ किलोमीटरच्या आतले चौकोन आणि उपग्रह जाण्याच्या वेळेच्या अर्धा तास मागेपुढे असलेली जमिनीवरची मोजमापं जोडा. मोडिसच्या जमिनीवरच्या ‘डार्क टार्गेट’ (गडद जमिनीवर बेतलेल्या) पद्धतीच्या त्रुटीची घोषित मर्यादा ०.०५ अधिक १५ टक्के आहे. तुमचे सुमारे दोन तृतीयांश बिंदू तिच्या आत पडायला हवेत. मग बाहेर पडलेले बिंदू ऋतूनुसार, बघण्याच्या कोनानुसार आणि शिल्लक ढगांनुसार वेगळे करा. उन्हाळ्यातले बहुतेक बिंदू एकाच बाजूला पडले असतील तर दोष बहुधा कोरड्या, उजळ जमिनीचा; ढगांच्या कडेचे वर चढले असतील तर चाळणी सैल आहे. हे झाल्यावरच त्याच ठिकाणचं पीएम २.५ आणि थराची उंची त्यात आणा.